परतीच्या बसचं मानपत्र

मसुदा पहिला

॥ श्री देव रवळनाथ प्रसन्न ॥
तिवरखोल ग्रामोत्कर्ष मंडळ, मुंबई यांच्या वतीने आपल्या गावचे सुपुत्र, प्रथितयश उद्योजक व तंत्रज्ञान गुंतवणूकदार श्री. हर्षद घाडी यांस सादर अर्पण केलेले मानपत्र.

महोदय,
तिवरखोलच्या लाल मातीत जन्मलेले आपण

जन्मलेला नाही. भांडुपला जन्मला, नाक्यावरच्या प्रसूतिगृहात. मीही तिथेच, तीन महिने आधी. तीन महिन्यांनी मी त्याच्यापेक्षा मोठा आहे. एवढ्या एकाच बाबतीत.

लाल माती खोडली.

हे मी लिहितोय कारण माझं अक्षर चांगलं आहे. मंडळात कोणी हेडमास्तर निवृत्त झाला, कोणाची मुलगी डॉक्टर झाली, की सहदेवकाकांचा फोन येतो. सहदेवकाका आमचे अध्यक्ष. वय अठ्ठ्याहत्तर. गिरणी बंद झाल्यावर मंडळ हीच त्यांची गिरणी, आणि तिथे तिन्ही पाळ्या ते एकटेच करतात. त्यांचा फोन आला की मी जाड कागद आणतो, पेनात काळी शाई भरतो आणि एका माणसाचं आयुष्य एका पानात बसवतो. त्याची फ्रेम होते. आमच्यात प्रथा अशी आहे की ज्याने लिहिलं त्यानेच ते स्टेजवर वाचायचं, आणि ज्याचा सत्कार त्याने तोवर समोर उभं राहायचं.

या वेळचा फोन असा:

"झिला, ह्या टायमाक जरा वजनदार लिही. आपलो हर्षद येवचो आसा."

"कोण हर्षद?"

"कोण हर्षद म्हणजे? घाड्यांचो! खालच्या घरातलो. तुझो जोडीदार मरे!"

जोडीदार. काकांना शब्द बरोबर आठवतो. त्याच्यामागची गोष्ट मंडळात कोणालाच आठवत नाही.


मसुदा तिसरा (दुसरा फाडला)

२००८ साली भांडुप येथील एका दहा बाय बाराच्या खोलीतून आपण 'रिकामी सीट' हे संकेतस्थळ सुरू केलेत

खोली माझी. म्हणजे आईची. कॉम्प्युटर हर्षदचा, पण तो ठेवला होता आईच्या शिलाई मशीनच्या टेबलावर. मशीन आत दुमडलेलं. पाच महिने आईने ब्लाउज शिवायला घेतले नाहीत, आणि विचारणाऱ्या प्रत्येक बाईला सांगितलं, "पोरांचा काहीतरी चालला हा."

काय चाललं होतं ते सांगतो. गणपतीला आमची गावची मंडळं खाजगी बस करतात. चतुर्थीच्या दोन दिवस आधी बस भरून गावाला जाते, माणसं उतरवते आणि रिकामी मुंबईला येते, कारण त्या दिवसांत मुंबईकडे कोण तोंड करणार? आठवड्याने उलटं. बस रिकामी जाते, माणसं भरून आणते. शेकडो बस, शेकडो रिकाम्या फेऱ्या. पण चिपळूणहून, महाडहून, वाटेवरच्या कुठल्याही गावातून मुंबईला यायचंय असा कोणीतरी असतोच. त्याला ती सीट विकायची. एवढीच कल्पना. ऐकल्यावर वाटतं, हे कोणालाही सुचलं असतं.

कोणालाही सुचलं नव्हतं. मला सुचलं होतं.

त्यानंतर आपण मागे वळून पाहिले नाहीत

हे खरं आहे. त्याने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी दिसलो असतो. पाच महिन्यांत आमच्या अकरा सीटा विकल्या गेल्या, त्यातली एक माझ्या मावशीने घेतली होती. मग पालिकेच्या जल खात्यातून माझं नेमणूकपत्र आलं. पर्मनंट. सोमवारी मी नवीन शर्ट घालून ऑफिसला गेलो. हर्षद त्या सोमवारीसुद्धा आमच्या खोलीत येऊन मशीनच्या टेबलाशी बसला होता. आईने त्याला चहा दिला.

२०१५ मध्ये ही कंपनी एका अग्रगण्य प्रवासी कंपनीने विकत घेतली. पुढे आपण हाच विचार रिकाम्या परतणाऱ्या ट्रकांना लावून दुसरी कंपनी उभी केलीत व तीही यशस्वीरीत्या विकलीत. आज आपण अंधेरी येथील आपल्या कार्यालयातून एकतीस नवउद्योगांना भांडवल पुरवीत आहात

एकतीस. मी वेबसाइटवर मोजले. प्रत्येकाच्या खाली हर्षदचं एक वाक्य आहे. भाजीच्या धंद्याखाली, विम्याच्या धंद्याखाली, सगळीकडे तेच: 'मी रिकाम्या जागा शोधतो.'


मधेच

मला त्याच्या पैशाचा हेवा वाटत नाही.

(खोटं. पण ते सगळ्यात कमी आहे.)

मला हेवा वाटतो त्याच्या 'नाही' म्हणण्याचा. लोक त्याच्याकडे येतात आणि तो त्यांना नाही म्हणतो, आणि ते त्याचे आभार मानून जातात. मी सतरा वर्षं लोकांना पाणी कधी येईल ते सांगतोय, माझे कोणी आभार मानत नाही. त्याच्या काळ्या टी-शर्टचा वाटतो. बेचाळीस वर्षांच्या माणसाने टी-शर्ट घालून मंत्र्याशेजारी बसायचं! दिशाच्या फोनवर तो आहे, याचा वाटतो. दिशा माझी मुलगी, चौदा वर्षांची. माझं ती जेवणाच्या ताटाशीसुद्धा धड ऐकत नाही. हर्षदची दीड-दीड तासाची मुलाखत कानात घालून पूर्ण ऐकते.

"बाबा, तू ह्यांना ओळखतोस ना? काय भारी बोलतात, ऐक."

तिने स्पीकरवर लावलं. हर्षदचा आवाज. पूर्वी चिरका होता, आता आतून येतो.

"...बघा, माझा सगळा धंदा त्या एका बसमध्ये होता. गणपतीचे दिवस. पंचेचाळीस सीटा, मी एकटा, आणि कशेडी घाटात सीटांखालून गडगडणारा एक नारळ. कोणाच्या तरी पिशवीतून राहिलेला. वळण आलं की पुढून मागे, मागून पुढे. मी म्हटलं, च्यायला, नारळ ऐटीत फिरतोय पंचेचाळीस सीटांच्या गाडीतून, आणि खाली रस्त्यावर माणसं हात दाखवतायत..."

मुलाखत घेणारा हसला. दिशा हसली.

मी म्हटलं, "तो नारळ माझा आहे."

"म्हणजे?"

"मी बघितला होता. मी सांगितला होता त्याला."

"नारळ?"

"नारळ."

आतून माझी बायको श्रुतिका ओरडली, "नारळ आणायचाय का? आणत असशील तर दोन आण."

कल्पना चोरली असती तरी मी गिळलं असतं. लोक चोरतात. पण ती बस माझी होती. २००७ साली मी मंडळाची बस गावाला सोडायला गेलो होतो, यादी माझ्याकडे असायची म्हणून. रविवारी पालिकेची परीक्षा होती, म्हणून त्याच बसने उलटा आलो. त्या वर्षी आमच्या घरातला गणपती पाटावर बसलेला मी बघितला नाही. त्याच्या बदल्यात मला काय मिळालं? एक घाट आणि एक नारळ. तेवढं माझ्याकडे होतं. तो ते घेऊन सिंगापूरपर्यंत गेला.


मसुदा चौथा

बाकी सगळं तसंच. फक्त तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी एक वाक्य:

या उपक्रमाचे बीज प्रथम आपले बालमित्र श्री. देवेश परब यांच्या मनात रुजले, याचाही मंडळास अभिमान वाटतो.

श्रुतिकाने वाचलं. कणकेचे हात होते, म्हणून कागदाला न लावता, लांबून, मान वाकडी करून.

"मानपत्र लिहितोयस की तक्रार अर्ज?"

"काय चुकलं त्यात?"

"काही नाही. 'याचाही' छान आहे."

"श्रुतिका, खरं आहे ते."

"मी कुठे खोटं म्हटलं? लग्न झाल्यापासून ऐकतेय मी हे. पण देवेश, तू हे त्याला एकदा तरी बोललास का? तोंडावर?"

मी नाही बोललो. काय बोलायचं? तू मोठा झालास तेव्हा मी पण होतो?


कार्यकारिणीची सभा, काकांची खोली, सकाळी अकरा

चौघे होतो. मी मसुदा वाचला. त्या वाक्यावर काकांनी डोळे मिटले. मला वाटलं भारावले. मग म्हणाले, "ह्यां खयसून इला?"

"खरं आहे काका. बसची आयडिया माझी होती."

"आसात. मी नाय म्हणतंय? पण नवऱ्याच्या घोड्यार करवलीन बसाचां नसता, झिला. सत्कार तेचो. तुझो करू तेव्हा तुझां घालू."

"माझा कशाबद्दल करणार?"

काकांनी सुपारी शोधायला सुरुवात केली.

दर्शना आमची सेक्रेटरी. पतपेढीत काम करते आणि मंडळात फक्त तिलाच कॉम्प्युटर येतो. ती म्हणाली, "देवेशदादा, वाईट वाटून घेऊ नका. पण हर्षदसर फोटो टाकणार, हजारो लोक वाचणार. त्यांनी सगळीकडे सांगितलंय की ते एकटे होते बसमध्ये. काही पुरावा असेल तर बोला. असेल तर मी स्वतः वाक्य ठेवते."

पुरावा? मी उठलोच. पुरावा काकांच्याच कपाटात होता.

आमच्या बसच्या याद्या वह्यांत असतात. फेकायच्या नाहीत हा काकांचा नियम. आणि आमची पद्धत अशी की यादीत माणसांची नावं लिहीत नाहीत, घरांची लिहितात. कारण सीट घराची असते. ऐनवेळी बाप नाही आला तर काका येतो, काका नाही तर शेजारच्या वाडीतला जावई. घर तेवढं कायम. वरलं घर म्हणजे आम्ही परब. मधलं घर, देवळाकडचं घर, खालचं घर म्हणजे घाडी.

२००७ ची वही निळ्या पुठ्ठ्याची. अक्षर माझं. तेव्हा मी 'र' जास्त वळवायचो.

जाताना: मधलं घर ६. वरलं घर ४. देवळाकडचं घर ९... पान भरून.

उलटलं.

परत: वरलं घर १.
खालचं घर १.

मी दुसरी ओळ परत वाचली. शाई तीच. अक्षर माझंच.

"सापडला काय?" काकांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं आणि वही मिटली. "त्या वर्षीची वही नाहीये."


बस

ड्रायव्हर
मी रिकामी रिकामी
रिकामी रिकामी रिकामी
रिकामी रिकामी रिकामी
रिकामी रिकामी रिकामी
(इथे कुठेतरी नारळ)
रिकामी रिकामी रिकामी
रिकामी रिकामी रिकामी
? ? ?

खालचं घर १. खालच्या घरात त्या वर्षी अजून कोण होतं? त्याचे आई-वडील गावीच थांबले. बहीण सासरी. राहिला तो. पवईच्या कॉल सेंटरमध्ये होता तेव्हा, गणपतीची रजा मिळाली नव्हती. आई-बाबांचं सामान पोचवायला आला होता आणि उलटा गेला. हे सगळं मला माहीत होतं. हे मला आता आठवत नाहीये, माहीत आहे. फरक आहे.

मी डोळे मिटून शेवटच्या सीटवर त्याला बसवून बघितलं. बसतो. मग झोपवून बघितलं. झोपतो. तोंडावर टॉवेल टाकला. तोही राहतो. मग त्याला खिडकीशी बसवून नारळाकडे बघायला लावलं.

तेही जमलं. तेच वाईट झालं.

मग मी मला बघितलं. माझ्या मांडीवर काय होतं? परीक्षेचं पुस्तक. पिवळं कव्हर. ते स्वच्छ आठवतंय. सर्वात लांब धरण: हिराकूड. सर्वात मोठं खाऱ्या पाण्याचं सरोवर: चिलिका. भोस्ते घाटापासून पनवेलपर्यंत मी सामान्यज्ञानच वाचत होतो, रविवारी त्यातलेच सहा प्रश्न आले. पुस्तकात डोकं घातलेल्या माणसाला नारळ दिसत नाही. फार तर ऐकू येतो.

लुटल्या गेलेल्या माणसाची एक इज्जत असते. पण त्याच बसमध्ये बसलेला, तेच बघितलेला आणि धरणं पाठ करत राहिलेला माणूस? त्याचं मानपत्र कोण लिहिणार?


मसुदा पाचवा

वाक्य काढलं. जाड कागदावर शाईने उतरवून दिलं. दर्शनाने फ्रेमला टाकलं. स्टेजवर वाचणार मीच होतो. म्हणजे कागदावर नसलेलं वाक्य तोंडी म्हणायची सोय अजून होती. तेवढ्यासाठी मी ते घरी पाठ केलं, आरशासमोर, बेसिनचा नळ सोडून. 'बीज' वर जोर द्यायचा की 'प्रथम' वर, हे ठरत नव्हतं.

पण त्याआधी मला त्याला विचारायचं होतं. श्रुतिका म्हणाली तसं. तोंडावर.


फेब्रुवारीतला रविवार, संध्याकाळी पाच, शाळेचा हॉल, भांडुप पश्चिम

रिक्षाने आला. याचासुद्धा मला राग आला. कंपन्या विकलेला माणूस गाडीने यायला हवा होता, म्हणजे बाया कुजबुजल्या असत्या. आता सगळे म्हणत होते, रिक्षान् इलो बघ!

स्टेजच्या बाजूला शाळेची चित्रकलेची खोली. तिथे त्याला बसवला होता. छोट्या बाकावर गुडघे वर करून बसला होता. मला बघून उठला आणि मिठी मारली. अत्तर नव्हतं. महागातली माणसं आता अत्तर लावत नाहीत बहुतेक.

"देव्या! साल्या, केस गेले की तुझे!"

"तुझे आहेत?"

"लावलेत," म्हणाला आणि मान वाकवून दाखवले. "इथून बघ, कळतं. आई कशी आहे? मशीन आहे का अजून?"

"आहे." मग मी एकदम म्हटलं, "हर्ष्या, ती बस."

"कुठली?"

"नारळवाली."

"अरे, ती काय चालते रे! कुठेही सांग. परदेशात पण हसतात. त्यांना कशेडी काय माहीत, पण नारळ गडगडला की हसतात."

"तू एकटा होतास त्या बसमध्ये?"

"हो ना." मग माझ्या तोंडाकडे बघून, "नव्हतो?"

"मी होतो."

"असशील."

"असशील काय? यादीत आहे. वरलं घर एक, खालचं घर एक. माझं अक्षर."

"मग होतास बाबा. अक्षर तुझं म्हणजे विषय संपला." तो हसला. मी हसलो नाही, तेव्हा थांबला. "काय झालं रे?"

"सीटा विकायच्या हे पहिलं कोण बोललं? तू की मी?"

त्याने खरंच आठवून बघितलं. नाटक नव्हतं ते, मी ओळखतो त्याला. भिंतीवर पाचवीतल्या मुलांनी काढलेले मोर होते, त्यांच्याकडे बघत राहिला, जुना फोन नंबर आठवावा तसा.

"नाही आठवत यार. अठरा वर्षं झाली. तू असशील. मी पण असेन. तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, मी."

"मग तू. लिही ना तसं."

"लिही म्हणजे?"

"मानपत्रात घाल. मला काय प्रॉब्लेम नाही."

"तुला प्रॉब्लेम नाही?"

"कशाला असेल? देव्या, आठवड्याला चाळीस पोरं येतात माझ्याकडे आयडिया घेऊन. सगळ्या झकास असतात. आयडिया कोण बघतो रे? मी एवढंच बघतो, हा माणूस वाट लागल्यावर पण सोमवारी परत येऊन बसणार का. बाकी सगळं तेच."

तो मला टोमणा मारत नव्हता. सोमवार त्याच्या लक्षातसुद्धा नव्हता. मला टोमणा मारावा एवढाही मी त्याच्या डोक्यात नव्हतो.

बाहेर माइकवर दर्शना म्हणाली, "मानपत्र वाचनासाठी श्री. देवेश परब."


वाचन

तो समोर हात जोडून उभा. मी वाचतो. माझा आवाज चांगला लागतो, हॉल शांत असतो. २००८ साली आलं, दहा बाय बाराची खोली आली. तिसऱ्या परिच्छेदाचा शेवट आला. वाक्य जिभेवर होतं. मी मान वर केली.

हर्षदने मान हलवली. अगदी थोडी. म्हण की, अशी. परवानगी दिली त्याने मला.

मी खाली बघितलं आणि पुढचा परिच्छेद वाचायला घेतला. आपणास श्री देव रवळनाथ उदंड आयुष्य देवो. टाळ्या. काकांनी शाल घातली, नारळ दिला, फ्रेम दिली. मी खाली येऊन दुसऱ्या रांगेत आईशेजारी बसलो. भीक नाकारलेला माणूस ताठ बसतो, तसा. चार मिनिटं मी ताठ होतो.

मग हर्षद माइकशी आला.

"मानपत्रात एक गोष्ट राहिली," तो म्हणाला. "देवेशने मुद्दाम लिहिली नाही. असाच आहे तो. मी सांगतो."

माझे कान गरम झाले.

"मी जगभर सांगतो की बसमध्ये मी एकटा होतो. खोटं आहे ते. मी झोपलो होतो! शेवटच्या सीटवर, तोंडावर टॉवेल टाकून. कशेडीच्या घाटात मला देवेशने हलवून उठवलं. ह्याच्या हातात परीक्षेचं पुस्तक, बोट घातलेलं पानात. म्हणाला, हर्ष्या, ऊठ, बघ, नारळ पंचेचाळीस सीटांचा मालक झालाय. ह्या सीटा आपण विकल्या तर? मी म्हटलं, झोपू दे रे. असं म्हटलं मी! मंडळी, कल्पना त्याची होती. मी फक्त उठलो."

हॉल टाळ्यांनी फुटला. लोक उभे राहिले.

दहा मिनिटांपूर्वी त्याला काही आठवत नव्हतं. मी त्याला पुस्तकाचं बोललो नव्हतो. टॉवेलचं तर नाहीच, तो मी माझ्या डोक्यात टाकला होता. मग त्याला कसं कळलं? आता आठवलं? की परीक्षा सगळ्यांना माहीत होती, आणि बसमध्ये झोपणारा प्रत्येक माणूस तोंडावर टॉवेल टाकतोच, आणि गोष्ट कशी भरायची हे त्याला येतं? मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. काहीही कळत नव्हतं. तो ज्या चेहऱ्याने खरं सांगतो त्याच चेहऱ्याने सांगत होता.

"देवेश, वर ये."

मी गेलो. पाय गेले. त्याने अंगावरची शाल काढली आणि माझ्या अंगावर घातली. फोटोवाला ओरडला, "हर्षदसर, इकडे, इकडे बघा!" माझ्याकडे लोकांनी दिवा लागल्यावर दिव्याकडे बघतात तेवढंच बघितलं. मग सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"काय मोठा मन ता! एवढो मोठो झालो, पण इसारलो नाय!"

"आजकाल कोण सांगता असां चार लोकांत?"

आणि माझी आई. सुलक्षणा परब, सत्तर वर्षांची, गुडघ्यांना पट्टे बांधून स्टेजच्या चार पायऱ्या चढून आली. मला वाटलं माझ्याकडे येतेय. ती त्याच्यासमोर थांबली. दोन्ही हात त्याच्या डोक्यावरून उतरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"माझ्या झिलाचां नाव घेतलंस रे बाबा," ती रडत म्हणाली. "देव तुका आणखी मोठो करो."


नंतरचे दोन दिवस

ऑफिसात बातमी पोचली होती. कोणीतरी व्हिडिओ पाठवला. शेजारच्या टेबलावरचा सिद्धेश, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, खुर्ची ओढून आला. "सर, काय सांगता! आयडिया तुमची? मग तुम्ही इथे काय करताय?"

सगळ्यांचा तोच प्रश्न. वाण्याचा, श्रुतिकाच्या भावाचा, लिफ्टमध्ये भेटणाऱ्या माणसाचा. कल्पना हर्षदची होती तोवर मी पालिकेत चांगली नोकरी असलेला माणूस होतो. आता मी सोडून आलेला माणूस झालो.

अठरा वर्षं माझ्याकडे एक गोष्ट होती: त्याने माझं काहीतरी नेलंय. ती मी कोणाला न दाखवता, रोज पुसून ठेवायचो. मंगळवारी सकाळी कपडे घालताना मी ती शोधली आणि लक्षात आलं की तीही आता नाही. त्याने परत केली. सगळ्यांसमोर, शालीसकट.

रात्रीपर्यंत वाट न बघता काकांचा फोन आलाच.

"झिला, तां जुनां मानपत्र ऱ्हवांदे. नवीन लिही. हर्षदान् परवा जां केल्यान्, तां घाल तेच्यात. फ्रेम बदलून धाडूया तेका अंधेरीक. चार लोक बघतीत तेच्या हापिसात."


मसुदा सहावा

जाड कागद. काळी शाई. जेवणाचं टेबल पुसून घेतलं. शाल खुर्चीच्या पाठीवर टाकलेली, श्रुतिका म्हणते ड्रायक्लीन करूनच ठेवायची.

यशाच्या शिखरावर असतानाही आपल्या यशाचे मूळ श्रेय बालमित्र श्री. देवेश परब यांस जाहीरपणे देऊन आपण जो मनाचा मोठेपणा दाखविलात, तो

माझं नाव सुंदर आलं. 'र' वळला नाही, सरळ उतरला. हे वाक्य आता अंधेरीला काचेच्या ऑफिसात लागणार. पोरं येणार, वाचणार आणि म्हणणार, काय माणूस आहे!

मनाचा मोठेपणा दाखविलात, तो

दिशा मागून येऊन उभी राहिली. तिने व्हिडिओ सात वेळा पाहिलाय. शाळेत सगळ्यांना दाखवलाय. दोन दिवस ती माझ्याशी नीट बोलतेय. पाणी आणून देते.

"बाबा, खरंच तू उठवलंस त्यांना?"

"त्याने सांगितलं ना."

"हो, पण तुला आठवतं का?"

मी पेन झटकलं. झटकायची गरज नव्हती.

"आठवत असेल तर सांग ना," ती टेबलावर वाकली. "आणि मग तू का सोडलंस?"

"हात नको लावू," मी म्हटलं. "ओलं आहे अजून."